पाचव्या बंदुकीच्या गोळ्या

कंपनीत तिला सगळे करवत म्हणायचे. तोंडावर नव्हे हं. तोंडावर म्हणायची छाती कोणाची होती? तोंडावर ‘बाई, बाई’ आणि पाठ वळली की ‘आली रे करवत, गेली रे करवत’. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून ते आवडतही होतं. लाकूड कापायचं तर करवत लागते, मऊ कापसाने लाकूड कापलं जात नाही, असं ती आपल्या वहिनीला सांगायची. वहिनी म्हणायची, “वन्सं, पण घरात कुठे लाकडं पडलीयेत? इथे जरा कापूस चालेल.” भावाच्या घरी एका खोलीत राहणारी, त्रेपन्न वर्षांची, लग्नाच्या भानगडीत न पडलेली ही बाई. राग तिच्या नाकावर नव्हता, तो चष्म्यासारखा डोळ्यांवरच होता. जे दिसायचं ते त्यातूनच दिसायचं.

खेळण्यांची कंपनी होती. चाळीस दुकानं, एक अवाढव्य गोदाम, आणि गोदामाच्या टोकाला पत्र्याच्या छताची एक लांबट खोली. त्या खोलीत ही बाई खेळण्यांचे हाल करायची. बाहुलीच्या केसांना वजन टांगायची, गाड्या टेबलावरून दहा-दहा वेळा आपटायची, खुळखुळे उकळत्या पाण्यात बुडवायची. जे तुटलं ते परत, जे टिकलं त्यावर तिचा शिक्का. ही खोली तिला कोणी ताटात वाढून दिली नव्हती. ती आधी पॅकिंगला होती, एकोणीस वर्षांपूर्वी. एकदा तिने खोक्यात भरायच्या अस्वलाचा डोळा नुसत्या नखाने उपटला, तो घेऊन थेट थोरल्या मालकांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “हा तुमच्या नातवाच्या घशात जाऊ दे, मग कळेल.” सगळ्यांना वाटलं, झालं, हिची नोकरी गेली. मालकांनी दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करून तिच्या हवाली केली. भांडून मिळालेली गोष्ट माणूस भांडूनच सांभाळतो. पुढे थोरले मालक वारले, कारभार पगारी साहेबांच्या हातात गेला, पण बाईचा शिक्का होता तिथेच राहिला.

तर त्या वर्षी सुट्ट्यांच्या तोंडावर खरेदीसाहेबांनी फोमच्या गोळ्या उडवणाऱ्या पाच बंदुका तिच्या टेबलावर आणून ठेवल्या. खरेदीसाहेब म्हणजे गोड बोलणारा माणूस. इतका गोड की त्याच्याशी बोलून आलं की पाणी प्यावंसं वाटे. “बाई, यांची तुलना करून एक छानसा तक्ता द्या. दुकानात फळीवर लावू. आईबाप गोंधळतात हो. कुठली घ्यावी कळत नाही. तुम्ही सांगितलं की विश्वास बसतो.”

“आईबाप गोंधळतात कारण तुम्ही एका फळीवर पाच बंदुका ठेवता,” बाई म्हणाली. पण कामाला लागली.

पहिली बंदूक साधी. मागचा दांडा ओढायचा, घोडा दाबायचा, एक गोळी सुटायची. हिच्याशी बाईचं पटलं. दुसरीला सहा नळ्या, गोल फिरणाऱ्या. दिसायला मोठा रुबाब आणि दर तिसऱ्या गोळीला अडकायची. बडा घर पोकळ वासा. तिसरी बॅटरीवरची. आत दोन चाकं गरगरायची आणि गोळी चिमटीत धरून बाहेर फेकायची; मिक्सरसारखा आवाज, कान किटले. चौथीत पंप मारून हवा भरायची, जितके पंप जास्त तितका गोळीला जोर, आणि कुठे थांबायचं हे मुलाच्या अकलेवर सोडलेलं. “हे डोकं कोणी चालवलं, त्याला आणा माझ्यासमोर,” म्हणत तिने चौथीवर तिथल्या तिथे लाल खूण मारली. पाचवी ठेंगणी, गुबगुबीत, छोट्या हातात नेमकी बसणारी. दिसायला अगदी गरीब गाय.

बंदूक शिकंज्यात आवळायची. नळीसमोर वेग मोजणारी चौकट. गोळी तिच्यातून गेली की सेकंदाला किती मीटर तो आकडा उमटायचा. चौकटीच्या पलीकडे ताणून बसवलेला पातळ कागद. प्रत्येकीच्या दहा गोळ्या. आणि इथे बाईचा एक नियम होता, तिचा लाडका, तिने स्वतः घालून दिलेला: तुलना करायची तर माप एकच हवं. एका खेळण्याला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असलं तिच्या खोलीत चालायचं नाही. म्हणून पहिल्या बंदुकीच्या खोक्यातल्या निळ्या गोळ्या घ्यायच्या आणि पाचही बंदुकांतून त्याच झाडायच्या. गोळ्या त्याच, मग फरक पडला तो बंदुकीचाच. कसं चोख!

गोदामवाले काका तेव्हा दारात उभे होते. साठीला आलेला, कमी बोलणारा माणूस. खोकी आणायचे, खोकी न्यायचे. ते म्हणाले, “बाई, ज्याची त्याची गोळी नको का? दुसऱ्याच्या चपला घालून कोणाला धड पळता येतं?”

“काका,” बाईने वर न बघताच सांगितलं, “शर्यत लावायची तर रस्ता एकच ठेवतात. तुम्ही गोदाम बघा. मी तुम्हाला खोकी कशी रचायची ते शिकवायला येते का कधी?”

काका गप्प झाले. चांगल्या माणसाची हीच तर खोड असते, एकदा सांगतात आणि गप्प बसतात.

आणि पाचवीची गोळी तिने पाहिलीच नव्हती असं नाही. नारंगी, किंचित जाड, पुढे टणक टोक. चिमट्याने टोक ओढून पाहिलं. निघालं नाही. घशात जायची भीती नाही, खूण केली, बाजूला ठेवली. निळ्या गोळ्या पाचवीतून सुटल्या तेव्हा आकडा आला नऊ. बाकीच्या चौदा, सोळा, एकोणीस, चौथी तर चोवीस. पाचवीची गोळी कागदाला लागून खाली पडायची, कागदाला साधी चुणीसुद्धा नाही. बाई खूश झाली. वर्षातून दोनदा व्हायची तशी. तक्त्यात पाचवीपुढे हिरवी खूण केली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘लहान मुलांसाठी सर्वांत सौम्य.’ खाली सही. तो तक्ता छापून चाळीस दुकानांत लागला.

तीन आठवडे गेले असतील. एका सोमवारी तक्रारीच्या खिडकीवरून बोलावणं आलं. खिडकीशी एक बाई उभी होती, तिशी-पस्तिशीची. मनगटावर भाजल्याचे जुने-नवे डाग. धुलाईच्या दुकानात इस्त्री करायचं काम होतं तिचं. हातात पाचव्या बंदुकीचं खोकं. तिच्या दोन मुली, थोरली नऊ वर्षांची, धाकटी पाच. थोरलीने समोरच्या खाटेवरून गंमत म्हणून गोळी उडवली होती. ती धाकटीच्या डोळ्यात बसली. डोळ्यात रक्त उतरलं होतं. डॉक्टरांनी पट्टी बांधून निजवून ठेवलं होतं, दिसेल की नाही ते पट्टी निघाल्यावर कळणार होतं.

“मी तुमचा तक्ता वाचून घेतली हो,” इस्त्रीवाली म्हणाली. “हातातली पहिली ठेवून ही घेतली. सौम्य लिहिलं होतं.”

आता इथे शहाण्या माणसाने काय करावं? बसवावं, पाणी द्यावं, खोकं उघडून बघावं. पण करवतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या तक्त्यावर बोट! एकोणीस वर्षांत कोणी ठेवलं नव्हतं.

“कुठल्या गोळ्या भरल्या होत्या?” तिने विचारलं.

“खोक्यातल्याच. थोरली सांगते ना.”

“शक्यच नाही. मी स्वतः मोजलीय. ही बंदूक कागदाला चुणी पाडत नाही, डोळा काय फोडणार? रस्त्यावर पिशव्या भरभरून कडक गोळ्या विकतात, त्या आणतात मुलं. मित्रमैत्रिणींकडून घेतात. आणि अंगाशी आलं की खोक्यातल्याच म्हणतात.”

“माझी मुलगी खोटं नाही बोलत.”

“अहो ताई, आपला तो बाब्या! मार चुकवायला मुलं काय वाटेल ते सांगतात. घरी जाऊन नीट विचारा तिला. कडक विचारा. बोलेल खरं.”

शब्द तिचेच होते. नीट ध्यानात ठेवा: ‘कडक विचारा.’  रात्रभर दवाखान्यात बसून आलेल्या माणसाकडे भांडायची ताकद कुठून येणार? तिने खोकं खिडकीत ठेवलं, “राहू दे तुमच्याकडेच, मला हे घरात नको,” म्हणाली आणि गेली. बाईने ते खोकं आणून टेबलाखाली पायाने सरकवलं. दिवसभर ती फणफणत होती. पोरांकडे लक्ष द्यायचं नाही आणि खापर आमच्या माथी! घरी जाऊन वहिनीलाही सगळं ऐकवलं. वहिनी म्हणाली, “डोळ्याचं कसं आहे पोरीच्या?” बाईला ते सांगता आलं नाही, कारण तिने विचारलंच नव्हतं. त्याचाही तिला राग आला, वहिनीचा.

तीन दिवस खोकं टेबलाखाली पडून राहिलं. गुरुवारी सकाळी खरेदीसाहेबांचा निरोप आला: तक्रारीला लेखी उत्तर द्यायचंय, उद्या पाचवीची चार हजार खोकी दुकानांना निघणार आहेत, त्याच्या आत हे मिटवून टाका. मग बाईने खोकं वर काढलं. दाखवूनच देते, म्हणाली. बाजारच्या गोळीचा फोटो उत्तराला जोडते, म्हणजे तोंड बंद.

खोक्यात नऊ गोळ्या होत्या. नारंगी, किंचित जाड, टणक टोकाच्या. बाजारच्या असणार, अजून काय! चिमट्याने ओढून पाहिलेली ती गोळी कधीच तिच्या डोक्यातून गेली होती. तिने काकांना हाक मारून गोदामातलं नवं, सीलबंद खोकं मागवलं. स्वतः सील फोडलं. आत दहा गोळ्या. नारंगी, किंचित जाड, टणक टोकाच्या. तिने दोन्ही खोक्यांतल्या गोळ्या शेजारी-शेजारी ठेवल्या, मापल्या, वजन केलं. मग नखाने टोक दाबून पाहिलं. नख उमटलं नाही.

तिने बंदूक शिकंज्यात आवळली आणि नारंगी गोळी भरली. निळी गोळी या नळीत सैल बसायची, हे तिला आत्ता आठवलं. आत्ता, हात लावल्यावर. सैल गोळीच्या बाजूने हवा निसटून जात होती, म्हणून नऊ. नारंगी गोळी बुचासारखी घट्ट बसली. तिने घोडा दाबला.

सव्वीस.

पलीकडचा कागद फाटला होता. तिने दुसरी गोळी झाडली. सव्वीस. तिसरी. सत्तावीस. चौथीपेक्षाही जास्त, जिच्यावर तिने लाल खूण मारली होती. चौथ्या वेळी कागदच उरला नाही.

“काका!” ती ओरडली. “या गोळ्या तुम्ही मला आधी का नाही...” आणि तिथेच वाक्य अडकलं. काका दारात उभे होते, त्याच जागी.  ते बोलले असते, ‘सांगत होतो ना’ म्हणाले असते, तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.  ती स्टुलावर बसली आणि इकडे-तिकडे बघायला लागली. राग एवढा आला होता की कानशिलं तापली होती, आणि तो टाकण्याजोगं खोलीत कोणी नव्हतं. टेबलावरच्या चिनी मातीच्या कपावर टाकला. कप फुटला.

“डोळ्याचं कळलं का काही?” काकांनी तुकडे गोळा करत विचारलं.

“नाही,” बाई म्हणाली. आणि उठली.

खरेदीसाहेबांनी आकडे पाहिले, गोळ्या पाहिल्या, मान हलवली, चहा मागवला. मग गोड आवाजात म्हणाले, “बाई, पण तुमची पद्धत तर बरोबरच होती. सगळ्यांना एकच माप. कागदावर आपण कुठे चुकलोय?”

“पोरीच्या डोळ्यात चुकलोय.”

“हळू, हळू. उद्या ट्रक निघतायत. सुट्ट्या लागल्यात. पुढच्या मालात टोक मऊ करायला सांगू ना. आता गाजावाजा करून काय मिळणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“त्या मुठीत काय आहे माहितेय तुम्हाला? ही गोळी आहे. द्या तुमचा डोळा, मारून दाखवते.”

साहेबांचा चहाचा कप तसाच राहिला. आवाजातली साखर थोडी कमी झाली. “बाई, सही तुमची आहे. तक्त्यावर अक्षर तुमचं आहे. उद्या कोणी विचारलं तर मी म्हणणार, मला काय कळतं, मी तर बाईंच्या भरवशावर होतो. एकोणीस वर्षांचं नाव घालवाल? तेही अशी एक इस्त्री करणारी बाई ओरडली म्हणून?”

“ती ओरडली नाही,” बाई म्हणाली. “ओरडले मी.”

ती खोलीत परत आली आणि कपाटातून रद्दपत्र काढलं. दिलेला शिक्का मागे घ्यायचा तर हे भरावं लागे, आणि ते गोदामावर लागलं की त्या मालाचं एक खोकंसुद्धा हलवायचं नाही असा जुन्या मालकांपासूनचा नियम होता. त्यात एक रकाना होता: ‘चूक कोणाची, पूर्ण नाव लिहावे.’ हा रकाना बाईनेच घालायला लावलेला. पूर्वी लोक तिथे ‘तांत्रिक कारण’ लिहून मोकळे व्हायचे. बाईने आकाशपाताळ एक केलं होतं. कारण काय तांत्रिक, माणूस चुकतो, माणसाचं नाव लिहा! कितीजणांना तिने तो रकाना भरायला लावला होता. एकाला तर रडू फुटलं होतं. आज तिने तिथे स्वतःचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, स्वच्छ अक्षरात. काकांनी कागद घेतला, वाचला आणि गोदामाच्या कुलपाखाली चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून चिकटवला.

मग तिने फोन उचलला. चाळीस दुकानं. “तक्ता काढून टाका. पाचवीची खोकी मागे ठेवा. ज्यांनी नेल्या त्यांचे फोन नंबर असतील तर कळवा, परत घ्या.” प्रत्येक दुकानदार विचारायचा, का हो? कंपनीत एवढी वर्षं तिने ऐकवण्याचंच काम केलं होतं. आता ती सांगत होती, “मी चुकले म्हणून.” पहिल्या दुकानाला सांगताना वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. दहाव्यापर्यंत जीभ सरावली. एका दुकानदाराने, ज्याला तिने पूर्वी सोलून काढलं होतं, मुद्दाम म्हटलं, “काय म्हणालात बाई? नीट ऐकू नाही आलं.” तिने परत सांगितलं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं नाही. मध्येच साहेबांची चिठ्ठी आली, उद्यापासून कामावर यायची गरज नाही, पुढचं कळवू. तिने ती वाचून फोनखाली ठेवली आणि एकतिसाव्या दुकानाचा नंबर फिरवला.

चाळीस झाली तेव्हा चार वाजले होते. तक्रारीच्या वहीतून तिने पत्ता उतरवून घेतला.

तिसरा मजला, अरुंद जिना, प्रत्येक दारापुढे चपलांची दाटी. चढताना तिने बोलायचं मनात जुळवून ठेवलं होतं. ती बाई तोडून बोलेल, हात उगारेल, शेजारीपाजारी गोळा होतील. होऊ देत. आपण ऐकून घ्यायचं. खरं तर तिला तेच हवं होतं. कोणीतरी तिला तिच्याच भाषेत झोडपावं.

दार इस्त्रीवालीने उघडलं. ओळखलं.  बाईने उंबऱ्यातच सांगून टाकलं, “गोळ्या खोक्यातल्याच होत्या. मी चुकीच्या गोळ्यांनी मोजलं. तुमची मुलगी खरं बोलत होती.”

इस्त्रीवाली दाराची चौकट धरून उभी राहिली. शिवी नाही, काही नाही. “डोळा वाचलाय,” ती म्हणाली. “आज पट्टी सोडून पाहिली. धूसर दिसतंय, पण दिसतंय. चष्मा लागेल म्हणतात, कायमचा.” एवढं बोलून ती खालीच बसली, दारात. “मी तिच्याशी बोलले नाही हो. थोरलीशी. तीन दिवस. तुम्ही म्हणालात ना, कडक विचारा. मी विचारलं. मारलंसुद्धा. ती आपली एकच, आई, खोक्यातल्याच होत्या. मला वाटलं, बहिणीचा डोळा गेला तरी ही खोटं बोलते, अशी कशी माझी मुलगी? म्हटलं, खरं सांगेपर्यंत तोंड बघणार नाही. जेवण वाढायचे आणि वळायचे.”

“मग?”

“काल रात्री सांगितलं तिने.”

“काय सांगितलं?”

 इस्त्रीवाली बाईकडे बघत होती आणि तिचं तोंड हळूहळू पांढरं पडत होतं.

आतल्या खोलीत धाकटी खाटेवर पडली होती, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. थोरली तिच्या पायाशी बसून तिला चित्रांचं पुस्तक दाखवत होती, पान चांगल्या डोळ्याच्या बाजूला वळवून. अनोळखी बाई दिसली तशी ती झटकन उभी राहिली. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसली. गुडघे वाजले. पर्समधून तिने नारंगी गोळी काढली आणि तळहातावर ठेवली.

“बाळ, ही बघ. ही खोक्यातली आहे. आज मी नवं खोकं फोडून काढली. तू हीच भरली होतीस ना?”

मुलीने गोळीकडे बघितलं. “नाही,” ती म्हणाली.

“अगं, तूच तर सांगत होतीस. आणि तुझंच खरं होतं. चूक माझी होती, मी मोठ्या माणसांना चुकीचं सांगितलं. मी ते लिहून दिलंय.”

“नाही. मी खोटं बोलले होते,” मुलगी म्हणाली, पाठ केलेलं म्हणतात तसं, घाईघाईने. “मी बाहेरच्या भरल्या होत्या. कडकवाल्या. मी आईला सांगितलंय काल. आता मी खोटं नाही बोलत.”

“कुठून आणल्यास बाहेरच्या?”

मुलगी गोंधळली. एवढं तिने ठरवलेलं नव्हतं. “पडलेल्या होत्या,” ती म्हणाली. मग तिचे डोळे भरून आले. “मावशी, तुम्ही परत नका ना विचारू. आई बोलायला लागलीय.”

 इस्त्रीवाली मागून आली, तिने पोरीला खेचून छातीशी धरलं, इतकं घट्ट की पोर कळवळली. “सोन्या, तू खोक्यातल्याच भरल्या होत्यास. मला कळलंय आता. म्हण तू. खोक्यातल्याच म्हण.”

मुलगी आईच्या कुशीत ताठ उभी होती. तिने मान वर केली आणि उत्तर देण्याआधी आईचा चेहरा न्याहाळला, कुठलं उत्तर दिलं की तो असाच राहील ते बघत.

“तू सांग ना, आई,” ती म्हणाली. “कुठलं म्हणू?”